श्वानांवरील गोचीड : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि आपली मर्यादा

पावसाळा सरत आला की आमच्या चिकित्सालयात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. रुग्णाची नाडी पाहून झालेली असते, औषधाच्या पुड्या बांधून झालेल्या असतात आणि उठता उठता तो विचारतो, "डॉक्टर, आमच्या कुत्र्याला गोचिडी फार झाल्यात. काही आयुर्वेदिक द्या ना, ते रासायनिक नको." प्रश्न साधा वाटतो. करंजतेलाची बाटली मागच्या फळीवर असते. हात सहज तिकडे जातो. आपल्या संघटनेतील बहुतेक वैद्यांचा आणि औषधी दुकानदारांचा अनुभव याहून वेगळा नसावा. त्या सहज जाणाऱ्या हाताविषयी प्रस्तुत लेखात काही विचार मांडावयाचे आहेत.

आरंभीच आमची चूक सांगून टाकतो. सुमारे सहा वर्षांपूर्वी आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी हाच प्रश्न विचारला होता. त्यांचा मोती हा गावठी जातीचा, चार वर्षांचा, अत्यंत गुणी कुत्रा होता. आम्ही करंजतेल चोळावयास दिले, निंबपत्रांच्या काढ्याने स्नान सांगितले आणि लसूण कृमिघ्न असल्याने भाकरीत रोज दोन पाकळ्या ठेचून घालाव्यात असेही सुचविले. गोचिडी काही दिवस कमी दिसल्या. आठवड्याने मोती मंदावला, खाणे सोडू लागला. गुरुजींनी विचारले, तेव्हा आम्ही ते अग्निमांद्य समजलो आणि दोन दिवस लंघन घडू द्यावे असे सांगितले. त्यानंतर लघवी गडद तांबूस होऊ लागली, हिरड्या पांढऱ्या पडल्या. तालुक्याच्या पशुवैद्यांनी रक्ताची काच पाहून बबेशिया हे निदान केले. तिसऱ्या दिवशी मोती गेला. पशुवैद्यांनी आम्हास दोष दिला नाही. त्यांनी फक्त एवढेच विचारले की लसूण किती दिवस चालू होता.

लसणाने मोती गेला असे आम्ही म्हणत नाही. बबेशिया हा परजीवी रक्तातील तांबड्या पेशींत शिरून त्यांचा नाश करतो. लसूण व कांदा यांतील गंधकयुक्त द्रव्येही श्वानाच्या तांबड्या पेशींना इजा करतात. मनुष्यात ती सहसा होत नाही, श्वानात होते आणि मार्जारात त्याहून अधिक होते. एकाच धातूवर दोन्हीकडून आघात झाला. त्यात आमच्या लंघनाने चार दिवस वाया गेले. कोणाचा वाटा किती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

या प्रसंगानंतर आम्ही गोचिडीचा अभ्यास थोडा नेटाने केला. त्यातून पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, आपण ज्या कल्पनेवर तेल देतो ती कल्पनाच अपुरी आहे. उवा डोक्यातच जन्मतात, तेथेच वाढतात, तेथेच लिखा घालतात; म्हणून डोक्यास औषध लावले की काम होते. गोचीड तशी नाही. आपल्याकडे घरातील कुत्र्यांवर प्रामुख्याने आढळणारी तपकिरी गोचीड, जिला शास्त्रज्ञ रायपिसेफॅलस या गटात घालतात, ती आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर चढते आणि तीन वेळा उतरते. अंड्यातून निघालेले सहा पायांचे बारीक पिल्लू काही दिवस रक्त पिऊन गळून पडते व कात टाकते. मग आठ पायांची मधली अवस्था पुन्हा कुत्र्यावर चढते, रक्त पिते, गळते, कात टाकते. तिसऱ्या वेळी प्रौढ गोचीड चढते. प्रौढ मादी एक ते दोन आठवडे रक्त पिऊन टम्म फुगते, गळून पडते, भिंतीच्या भेगेत किंवा चौकटीमागे जाऊन दोन-तीन हजार, क्वचित चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते.

फुगलेली मादी अगदी एरंडाच्या बीसारखी दिसते. एरंडाचे शास्त्रीय नाव रिसिनस; लॅटिन भाषेत रिसिनस या शब्दाचा मूळ अर्थच गोचीड. बी तशी दिसते म्हणून झाडाला गोचिडीचे नाव मिळाले. आपण रोज ज्याचे तेल विरेचनास देतो त्या वनस्पतीच्या नावातच ही गोचीड बसलेली आहे, हे आमच्या विद्यार्थिदशेत कोणी सांगितले असते तर द्रव्यगुणाचा तास अधिक लक्षात राहिला असता.

या जीवनक्रमाचा व्यवहारातील अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. कोणत्याही क्षणी कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी हा एकूण संख्येचा लहानसा भाग असतो. उरलेल्या साऱ्या घरात असतात : कुत्र्याच्या गोणपाटाखाली, फरशीच्या सांध्यात, पडद्याच्या दुमडीत, भिंतीवरच्या तसबिरीमागे. ही जात वर चढणारी आहे. भिंतीवर, छताजवळ गोचीड दिसल्याचे लोक सांगतात ते खरेच असते. उपाशी प्रौढ गोचीड काही महिने, अनुकूल स्थितीत वर्षभरही तग धरते. उष्ण हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचे चक्र दोन-तीन महिन्यांत पुरे होते, म्हणून आपल्याकडे वर्षात त्यांच्या अनेक पिढ्या होतात. अन्य बऱ्याच गोचिडींना रान, गवत व अन्य पशू लागतात. या गोचिडीला तिन्ही वेळा कुत्रेच चालते आणि घराची भिंतच पुरते. बाहेर कधीही न जाणाऱ्या सदनिकेतील कुत्र्यालाही गोचिडी कशा होतात, याचे उत्तर यात आहे. एक भरलेली मादी जिन्यात गळली तरी पुरे.

चरकाचार्यांनी विमानस्थानातील व्याधितरूपीय अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगून त्यांच्या चिकित्सेचे तीन भाग केले आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानोक्त भावांचे अनुपसेवन. बाह्य मलज कृमींत तेथे यूका व पिपीलिका यांची नावे आहेत. गोचिडीचा तेथे उल्लेख नाही व तो ओढूनताणून शोधण्याचे प्रयोजनही नाही. परंतु बाह्य कृमींचे स्थान सांगताना आचार्य केस, दाढी, लव, पापण्या यांच्यासोबत वस्त्रांचाही निर्देश करतात. म्हणजे कृमीचे घर केवळ शरीर नव्हे, शरीराबाहेरही असू शकते, ही दृष्टी त्यांच्यापाशी होती. हे तीन भाग गोचिडीच्या बाबतीत इतके चपखल बसतात की त्याच क्रमाने पुढील विवेचन करतो.

अपकर्षण. आचार्यांनी दृश्य कृमी हाताने वा उपकरणाने काढावा असे सांगितले आहे. येथे उपकरणच वापरावे, हात नको. बारीक टोकाचा चिमटा गोचिडीच्या मुखाशी, त्वचेला अगदी लागून धरावा आणि न पिळता, न झटकता सरळ वर संथ ओढावे. गोचीड 'चिकटते' असे आपण म्हणतो. 'गोचिडीसारखा चिकटला' हा वाक्प्रचारही आहे. ती मुखाने त्वचेत रुतून बसलेली असते. घाईने ओढल्यास मुखभाग तुटून आत राहतो व तेथे गाठ धरते. रॉकेल टाकणे, उदबत्तीचा चटका देणे, तेलात बुडवून तिचा श्वास कोंडणे हे सारे प्रकार टाळावेत. त्याने गोचीड सुटण्यास वेळ लागतो, तेवढा वेळ ती लाळ आत सोडत राहते आणि कुत्र्याची त्वचा भाजते ती वेगळीच. काढलेली गोचीड नखाने चिरडू नये, कारण तिच्यातील द्रव बोटावरील ओरखड्यातून आत जाऊ शकतो. स्पिरिट घातलेल्या झाकणाच्या बाटलीत टाकावी. कुत्र्याला ती चावून खाऊ देऊ नये. हेपॅटोझून नावाचा एक परजीवी दंशाने नव्हे, तर गोचीड गिळल्यानेच कुत्र्याच्या शरीरात जातो.

तपासणी रोज हवी. कानाच्या आतील घडी, बोटांच्या बेचक्या, गळपट्ट्याखालचा भाग, काख, जांघ, शेपटीचे मूळ, पापण्यांच्या कडा या जागा क्रमाने बोटांनी चाचपाव्यात. लांब केसांच्या कुत्र्यात दृष्टीपेक्षा स्पर्शच उपयोगी पडतो. रोज कशासाठी, असे मालक विचारतात. बबेशिया संक्रमित होण्यास गोचीड साधारणतः दोन दिवस चिकटलेली असावी लागते, म्हणून रोजच्या अपकर्षणाने तो धोका पुष्कळ घटतो. एर्लिकिया मात्र काही तासांतच शरीरात उतरतो. केवळ चिमट्यावर विसंबता येत नाही ते यामुळे.

प्रकृतिविघात म्हणजे कृमीला प्रतिकूल स्थिती निर्माण करणे. यात आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत फलदायी काम गवंड्याचे आहे. भिंतीच्या भेगा, फरशीचे सांधे, चौकटीच्या फटी सिमेंटने बुजवून वर चुन्याची सफेदी द्यावी. कुत्र्याचे अंथरूण दर आठवड्यास उकळत्या पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवावे. गोणपाट असल्यास तो सरळ जाळून नवा घ्यावा. जमीन व भिंतीचा खालचा भाग यंत्राने झाडून घेतल्यास धुळीची पिशवी लगेच बांधून बाहेर टाकावी, अन्यथा तेथूनच गोचिडी परत येतात. कुत्र्याच्या खोपट्याजवळ विटांचा ढीग, लाकूडफाटा, अडगळ ठेवू नये. हे काम एकदा करून भागत नाही. अंडी व पिल्ले पुढच्या दोन-तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने बाहेर येत राहतात, तोवर नेटाने चालू ठेवावे लागते. बहुतेक घरांत नेमके तिसऱ्या आठवड्यात हे काम थांबते.

आता आपल्या फळीवरील द्रव्यांकडे वळू. येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण दुकानातून जाते ते हेच.

निंब आणि करंज या दोन्ही तेलांना कीटक-प्रतिबंधक गुण आहे, यात संशय नाही. निंबबीजातील अझाडिरॅक्टिन कीटकांची कात टाकण्याची क्रिया बिघडवते व त्यांना भक्ष्यापासून काहीसे परावृत्त करते. पण हे काम संथ आहे. रुतलेली गोचीड निंबतेलाने तासाभरात गळून पडत नाही आणि तेलाचा प्रभाव दिवस-दोन दिवसांत ओसरतो. कुत्रे अंग चाटते. पोटात गेलेल्या निंबतेलाने लहान मुलांमध्ये मेंदूस गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत, म्हणून ते निरुपद्रवी समजून सढळ हाताने चोळणे योग्य नाही. ही तेले दूरच्या भेगांतही पोचत नाहीत. आमचे मत असे की, फार तर पाण्यात पुष्कळ विरल करून, डोळे व तोंड वगळून, साहाय्यक म्हणून वापर व्हावा. गोचीड-प्रतिबंध म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

सीताफळाच्या बिया खेड्यात उवांसाठी वाटून लावतात. त्यांचा कण डोळ्यात गेल्यास बुबुळास अत्यंत वेदनादायक इजा होते, असे रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. कुत्र्याच्या कानामागे लावलेला लेप पंजाने डोळ्यात जाणारच. हे चूर्ण या कामी देऊ नये. तमाखूच्या काढ्यातील निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते. तो काढा पूर्णतः वर्ज्य समजावा. कापूर तेलात विरघळवून अंगास लावण्याची पद्धत आहे. कुत्र्या-मांजरांत कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. अलीकडे दुकानांतून सुगंधी तेलांच्या लहान बाटल्यांची चलती आहे व त्यांत टी ट्री तेल 'नैसर्गिक गोचीडनाशक' म्हणून विकले जाते. २००२ ते २०१२ या काळातील, कुत्र्या-मांजरांना या तेलाची विषबाधा झालेल्या ४४३ घटनांचा आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला आहे. लाळ गळणे, अंग लुळे पडणे, चालताना झोकांड्या जाणे, कंप सुटणे ही त्यांतील लक्षणे. 'नैसर्गिक' हा शब्द आपल्याइतका कोणाच्या तोंडी नसतो, तेव्हा त्याची जबाबदारीही आपल्यावर अधिक आहे.

लसणाविषयी वर लिहिले आहेच. ओघात आणखी एक सांगावेसे वाटते. द्राक्ष व मनुका कुत्र्याच्या वृक्कास घातक ठरू शकतात. अशक्त कुत्र्याला बल्य म्हणून द्राक्षासव चमचाभर पाजणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यात मद्यांशही आहे. मनुष्याच्या सात्म्यावर आधारलेले आपले द्रव्यज्ञान दुसऱ्या योनीत जसेच्या तसे चालत नाही. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आणि शालिहोत्राची अश्वचिकित्सा स्वतंत्र तंत्रे म्हणून का लिहिली गेली, याचे उत्तर बहुधा यात असावे.

धूपनाचे आम्ही आग्रही आहोत. गुग्गुळ, वेखंड, निंबपत्र, सर्षप यांचे धूपन सूतिकागारात व व्रणितागारात आम्ही आजही करतो. पण धूर भेगेच्या तळाशी असलेल्या अंड्यांपर्यंत पोचतो, असा अनुभव आम्हास आला नाही. शिवाय कुत्र्याचे घ्राणेंद्रिय इतके तीक्ष्ण की बंद खोलीत धूप देऊन त्याला तेथेच ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

द्राक्षबागांच्या आमच्या पट्ट्यात याहून भयंकर प्रकार चालतो. फवारणीचे उरलेले कीटकनाशक बादलीत घालून कुत्र्याला त्याने धुतात. त्यानंतर लाळ, अश्रू, जुलाब, बाहुल्या टाचणीएवढ्या होणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे दिसल्यास एक क्षणही न दवडता, अंग साध्या पाण्याने व साबणाने धूत धूत पशुवैद्यांकडे न्यावे. गुरांच्या गोचिडींसाठी मिळणारे अमिट्राझ हे द्रावणही अनेक गोठ्यांत उघड्यावर असते. ते मनुष्याने प्याल्यास गुंगी, मंद नाडी, कमी रक्तदाब, वाढलेली रक्तशर्करा अशी लक्षणे येतात. बाहुल्या लहान दिसल्याने सेंद्रिय फॉस्फरसची विषबाधा समजण्याची चूक होते. त्यास विशिष्ट उतारा नाही, रुग्णालयातील आधारचिकित्साच करावी लागते. म्हणून अशा रुग्णासोबत बाटली आणावयास अवश्य सांगावे.

मग उपाय काय? येथे आम्ही मोकळेपणाने लिहितो. आज उपलब्ध असलेली आधुनिक गोचीडनाशके, पशुवैद्यांच्या सल्ल्याने दिल्यास, आपल्या कोणत्याही तेलाहून अधिक परिणामकारक आहेत. मानेवर त्वचेवर टाकावयाचे फिप्रोनिलचे थेंब आहेत. कित्येक महिने काम देणारे फ्लुमेथ्रिनयुक्त गळपट्टे आहेत. पोटात द्यावयाच्या आयसॉक्साझोलिन वर्गातील गोळ्या आहेत, त्यांत अफॉक्सोलानर, सॅरोलानर या महिन्यास एक आणि फ्लुरालानर ही साधारण तीन महिन्यांस एक अशी दिली जाते. गोचीड चावून रक्त पिऊ लागल्यावर या गोळ्या तिला मारतात, म्हणून अंगावर एखादी मेलेली गोचीड दिसली तर औषध निरुपयोगी ठरले असे समजू नये. या औषधांना दोष नाहीत असे नाही. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आयसॉक्साझोलिन वर्गाने काही कुत्र्यांत कंप, झोकांड्या व झटके येऊ शकतात, अशी सूचना प्रसिद्ध केली. अपस्माराचा पूर्वेतिहास असलेल्या कुत्र्याच्या मालकाने ते पशुवैद्यांना सांगितलेच पाहिजे. पर्मेथ्रिन असलेले, केवळ कुत्र्यासाठीचे थेंब मांजरास प्राणघातक ठरतात. एकाच घरात दोन्ही प्राणी असल्यास दुकानदाराने हे विचारल्याशिवाय ते हाती देऊ नयेत. कॉली जातीच्या व तत्सम काही कुत्र्यांत आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरून घात करते. वय, वजन, जात, गर्भावस्था हे पाहून मात्रा ठरते आणि ते ठरविण्याचा अधिकार आपला नाही.

अधिकाराचा हा मुद्दा भावनेचा नसून कायद्याचा आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच पशुवैद्यक व्यवसाय करता येतो. बी.ए.एम.एस. पदवीने तो अधिकार मिळत नाही. दुसरीकडे, औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्य आणि पशू दोघांचाही समावेश आहे, म्हणून पशूंसाठीचे आयुर्वेदीय उत्पादन परवान्याखाली बनू शकते. घरी ढवळलेले 'गोचीड तेल' बाटलीत भरून, चिठ्ठी चिकटवून विकणे मात्र त्यात बसत नाही. आमच्या परिचयाच्या काही दुकानांत हे सर्रास चालते, हे लिहिताना आम्हास संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

तिसरा भाग निदानपरिवर्जनाचा. मोकाट कुत्र्यांशी अंगलट, उंच गवतातून फिरणे, दुसऱ्याच्या घरी किंवा पाळणाघरात कुत्रे ठेवणे, नवीन कुत्रे न तपासता घरात घेणे ही येथील निदाने. फिरून आल्यावर उंबरठ्याबाहेरच पाच मिनिटे तपासणी करावी. याहून अधिक सांगण्याजोगे यात काही नाही.

आजारी कुत्रे ओळखण्याइतके ज्ञान मात्र वैद्याला असावे, कारण मालक प्रथम आपल्याकडेच विचारतो. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत राहतो. ताप, सुस्ती, वजन घटणे, आणि बिंबाणू कमी झाल्याने नाकातून रक्त येणे, पोटाच्या त्वचेवर लाल-जांभळे ठिपके उमटणे ही त्याची लक्षणे. काही कुत्र्यांत तो महिनोन्‌महिने काहीही न दाखवता दडून बसतो. बबेशियात हिरड्या फिकट, डोळे पिवळसर, लघवी गडद, श्वास जलद असतो. रक्तपित्त, पांडू, कामला ही आपली परिचित चित्रे येथे दिसतात आणि तेथेच भुलण्याचा धोका आहे. गेल्या काही आठवड्यांत गोचिडी होत्या आणि कुत्र्याने दोन वेळचे खाणे सोडले, एवढे दोनच मुद्दे पशुवैद्यांकडे त्याच दिवशी पाठविण्यास पुरेसे आहेत. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावे लागते. बरे वाटते म्हणून आठ दिवसांत ते थांबवून 'आता काही आयुर्वेदिक शक्तीचे द्या' असे म्हणत येणारा मालक परत पाठवावा.

आता मनुष्याकडे येतो, कारण हा आपला खरा प्रांत आहे. हीच तपकिरी गोचीड रिकेट्सिया कोनोरी या जंतूच्या भारतीय प्रकाराची वाहक आहे. त्यापासून होणाऱ्या ज्वराला इंडियन टिक टायफस म्हणतात. तीव्र ज्वर, शिरःशूल, अंगमर्द आणि काही दिवसांनी तळहात व तळपायांसह अंगावर उमटणारे पुरळ असे त्याचे स्वरूप. तळहात-तळपायांवरील पुरळ पाहताच घरात कुत्रे आहे काय, गोचिडी काढल्या काय, हे विचारण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. गेल्या वर्षीच एका आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा एक प्रश्न कामी आला. तो रोज कुत्र्याच्या गोचिडी नखाने चिरडत असे. त्याला आम्ही त्याच दुपारी बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले, डॉक्सिसायक्लिन सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी ज्वर उतरला. अशा ज्वरात महासुदर्शन देऊन पाच दिवस वाट पाहणे जिवावर बेतू शकते. जुन्या वेल-फेलिक्स चाचणीची विश्वासार्हता कमी आहे. ती नकारात्मक आली म्हणून औषध लांबवू नये. स्क्रब टायफस हा याच कुळातला पण वेगळा आजार आहे, तो गोचिडीने नव्हे तर माइट या सूक्ष्म किड्याच्या पिल्लाने होतो.

कोकणातील वैद्यबंधूंसाठी एक वेगळी सूचना. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात पसरला. त्याची मुख्य वाहक हिमॅफायसॅलिस ही रानातील गोचीड आहे, घरातील नव्हे. काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसासोबत कुत्रे जाते, तेव्हा परतल्यावर दोघांचीही तपासणी व्हावी. मेलेले माकड दिसलेल्या भागात कुत्रे मोकळे सोडू नये व आरोग्य खात्यास कळवावे.

आमच्या चिकित्सालयात आता करंजतेलाच्या बाटलीशेजारी एक बारीक टोकाचा चिमटा, स्पिरिटची लहान बाटली आणि तालुक्यातील दोन पशुवैद्यांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद असतो. कुत्र्याविषयी विचारणाऱ्यास आम्ही चिमटा कसा धरावा ते दाखवितो, भेगा बुजविण्यास सांगतो आणि तो कागद हाती देतो. त्याचे शुल्क घेत नाही. गुरुजींनी गेल्या दिवाळीत दुसरे पिल्लू आणले. गोळी कोणत्या तारखेस द्यावयाची, ते आमच्याच भिंतीवरील दिनदर्शिकेवर त्यांनी लाल शाईने लिहून ठेवले आहे आणि दर वेळी येऊन ते स्वतः त्यावर खूण करतात.